वाचकांचे प्रश्न : एका कपापुरती कॉफी

दिवाळीनंतर आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच वस्तूविषयी निघाली : लहानशा कुपीत मोजून भरलेली, हवाबंद केलेली आणि यंत्रात घालून कळ दाबली की अर्ध्याएक मिनिटात एक कप देणारी कॉफी. काही पत्रे परदेशी राहणाऱ्या वाचकांची आहेत, तर काही त्यांच्या इथल्या आईवडिलांची. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून ही उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी जर्मनीत नोकरीला असते. यंदा येताना तिने कॉफीचे यंत्र आणि ॲल्युमिनियमच्या कुप्यांचे दोन डबे आणले. त्या संपल्यावर मी ऑनलाइन दुसऱ्या कुप्या मागवल्या, तर त्या यंत्रात बसतच नाहीत. पॉड, कॅप्सूल आणि के-कप ही एकाच वस्तूची नावे आहेत ना? (ठाणे)

उत्तर : नाहीत, आणि आपली फसगत त्यामुळेच झाली. बोलताना लोक या सर्वांनाच पॉड म्हणतात. नेमकेपणाने सांगायचे तर पॉड म्हणजे दोन गाळणकागदांच्या मध्ये कॉफीची पूड दाबून बसवलेली चपटी वडी. इटलीतील इली कंपनीने अशा वड्या १९७० च्या दशकातच काढल्या. ४४ मिलिमीटर व्यास आणि सुमारे ७ ग्रॅम कॉफी हा त्यांचा नमुना पुढे इतर कंपन्यांनीही स्वीकारला, त्यामुळे तो कोणा एकाचा राहिला नाही. कॅप्सूल म्हणजे ॲल्युमिनियमची किंवा प्लॅस्टिकची बंद कुपी; तिचा आकार मात्र कंपनीगणिक बदलतो. के-कप हे अमेरिकेतील क्युरिग कंपनीच्या प्लॅस्टिकच्या कपाचे नाव असून त्याच्या आत कागदी गाळणी चिकटवलेली असते.

आपले यंत्र नेस्ले कंपनीच्या नेस्प्रेसो या छापाच्या मूळ पद्धतीचे असेल, तर चिंतेचे कारण नाही. त्या साच्याच्या कुप्या आता अनेक कंपन्या बनवतात आणि त्यांत भारतीय कंपन्याही आहेत. तेच यंत्र त्याच कंपनीच्या व्हर्चुओ पद्धतीचे असेल, तर गोष्ट वेगळी. ती कुपी घुमटाकार असते, तिच्या कडेवर बारकोड छापलेला असतो आणि तो वाचून यंत्र कुपी गरगर फिरवते. तिथे मूळ पद्धतीची कुपी चालत नाही. नेस्लेच्याच डोल्चे गुस्तो या दुसऱ्या छापाचा साचा आणखी निराळा. म्हणून मागणी नोंदवण्यापूर्वी यंत्राच्या तळाशी लिहिलेले नाव आणि कुपीच्या वेष्टनावरील नाव ताडून पाहावे.

प्रश्न : मी निवृत्त यांत्रिकी अभियंता आहे. पूड आणि गरम पाणी एवढाच मामला असताना या कुपीत शोध लावण्यासारखे काय होते, आणि जगभर लोक तिच्यामागे का लागले? (पुणे)

उत्तर : आपल्यासारख्या अभियंत्यानेच हा शोध लावला, त्यामुळे उत्तर थोडे सविस्तर देतो.

एरिक फाव्र हे स्वित्झर्लंडमधील व्हेवे येथे नेस्ले कंपनीत काम करत असत. त्यांची पत्नी इटालियन होती आणि स्विस कॉफीला नावे ठेवणे हा तिचा हक्कच होता म्हणा ना. १९७० च्या दशकाच्या मध्यावर हे दांपत्य चांगल्या एस्प्रेसोच्या, म्हणजे दाबाखाली काढलेल्या दाट कॉफीच्या, शोधात इटलीत हिंडले. रोममध्ये पँथिऑनजवळ सांत'एउस्ताकियो नावाचे कॉफीचे जुने दुकान आहे. इतर दुकानांच्या मानाने तिथे गर्दी फार असे आणि यंत्र मात्र सगळीकडे असते तसेच होते. फाव्र यांच्या लक्षात आले, की तिथला माणूस यंत्राचा दांडा एकदाच दाबून थांबत नाही, तर थोड्या थोड्या वेळाने पुन्हा पुन्हा दाबतो. त्यामुळे पाण्याबरोबर हवा पुडीत शिरते आणि कपावर येणारा तांबूस फेस, ज्याला इटलीत क्रेमा म्हणतात, तो दाट होतो. त्या माणसाच्या हाताची ही लकब यंत्रात आणि कुपीत कशी उतरवायची, हाच फाव्र यांच्यापुढचा प्रश्न होता. १९७६ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला.

रचना अशी आहे. कुपी यंत्रात अडकवली की तिच्या निमुळत्या टोकाला तीन भोके पडतात. त्यांतून गरम पाणी दाबाने आत शिरते. या यंत्रांच्या पंपावर १९ बारचा (बार हे दाबाचे एकक) आकडा छापलेला असतो. एस्प्रेसोला प्रत्यक्षात सुमारे ९ बार पुरतात, हे आपण जाणतच असाल. दुसऱ्या टोकाचा पातळ पत्रा बाहेरून फोडलेला नसतो. आतला दाब वाढला की तो खालच्या बारीक उंचवट्यांच्या जाळीवर दाबला जातो आणि तिथेच फाटतो. म्हणजे पुरेसा दाब तयार झाल्याखेरीज कॉफी बाहेरच येत नाही. झडपेचे काम करणारे आणि एका वापरानंतर टाकून द्यायचे हे झाकण मला स्वतःला या सगळ्या रचनेत सर्वांत हुशारीचे वाटते.

दुसरा भाग पुडीचा. भाजलेली बी दळली की तिचा सुवास हवेतल्या ऑक्सिजनमुळे भराभर उतरू लागतो. पाकीट फोडल्यानंतर पंधरा दिवसांनी केलेली कॉफी पहिल्या दिवसासारखी का लागत नाही, याचे कारण हेच. ॲल्युमिनियम हवा, ओल आणि प्रकाश या तिन्हींना अडवते. प्रत्येक कपाची पूड स्वतंत्र कुपीत बंद असल्याने शेवटचा कपही पहिल्यासारखा होतो.

इतके असूनही १९८६ मध्ये ही कुपी नेस्प्रेसो या नावाने बाजारात आली तेव्हा ती चालली नाही. कार्यालये आणि उपाहारगृहे हे तिचे गिऱ्हाईक असेल, असा कंपनीचा होरा होता. १९८८ मध्ये तंबाखूच्या धंद्यातून आलेले जाँ-पॉल गेयार यांच्याकडे सूत्रे आल्यावर त्यांनी कुपी थेट घरांकडे वळवली. यंत्रे बनवण्याचे काम इतर कंपन्यांकडे राहिले, आणि कुप्या मात्र दुकानात न ठेवता सभासदांच्या क्लबमार्फत थेट घरपोच विकल्या जाऊ लागल्या. यंत्र एकदाच विकले जाते, कुप्या रोज लागतात. पुढे याच गेयार यांनी कंपनी सोडून नेस्प्रेसोच्याच यंत्रांत बसणाऱ्या आणि कुजणाऱ्या कुप्यांची स्वतःची कंपनी काढली आणि दोन्ही पक्षांचे कोर्टकज्जे अनेक वर्षे चालले, ही या कथेतली गंमत.

लोक मागे का लागले, याचे माझे उत्तर असे. कॉफी करताना चार मापे सांभाळावी लागतात : पूड किती, दळण किती बारीक, पाणी किती आणि किती गरम. आपल्या घरांत हे माप करणाऱ्याच्या हातात असते आणि म्हणूनच 'तुमच्या हातची कॉफी' असे आपण म्हणतो. कुपीने ही चारही मापे हातातून काढून कारखान्यात नेली. सकाळी घाईत असलेल्या माणसाला ही मोठीच सुटका वाटते. त्याला दोनशे मिलिलिटर पाणी उकळत ठेवायचे नसते, गाळणे धुवायचे नसते आणि घरात दुसरे कोणी कॉफी घेणारेही बहुधा नसते. युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत एकेकट्याने राहणारे लोक पुष्कळ आहेत. ही कुपी त्यांच्या घराच्या मापाने कापलेली आहे. पाहुणे आले की चार कपांसाठी चार वेळा कळ दाबत उभे राहावे लागते, आणि चौथा कप हातात येईपर्यंत पहिला निवलेला असतो.

प्रश्न : आमच्या न्यू जर्सीतील कार्यालयात के-कपचे यंत्र आहे. पूर्वी एकदा त्यात स्वस्तातला कप घातला तर यंत्राने तो नाकारला होता. यंत्राला हे कळते कसे? शिवाय असे यंत्र मी भारतात आईवडिलांना पाठवावे का? (न्यू जर्सी)

उत्तर : आपला अनुभव बहुधा २०१४ मध्ये आलेल्या क्युरिग २.० यंत्राचा असावा. त्यामागची हकिकत अशी.

जॉन सिल्व्हन आणि पीटर ड्रॅगोनी या मित्रांनी १९९२ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये ही कंपनी काढली. क्युरिग हा 'नीटनेटके' अशा अर्थाचा डच शब्द. अमेरिकी कार्यालयांत काचेच्या भांड्यात सकाळी केलेली कॉफी तापत्या पट्टीवर तासन्‌तास कढत राहते आणि दुपारपर्यंत तिचा काढा होतो, तो टाळणे हा त्यांचा हेतू. नेस्प्रेसोने एस्प्रेसोची नक्कल केली, तर यांनी अमेरिकेतल्या साध्या गाळलेल्या मोठ्या कपाची. त्यामुळे के-कपमध्ये दाबाचा खेळ फारसा नाही : एक सुई तळाला भोक पाडते, दुसरी झाकणातून पाणी सोडते आणि कॉफी कागदातून गाळून खाली येते. कार्यालयांसाठीचे यंत्र १९९८ मध्ये विक्रीला आले, घरगुती यंत्र त्यानंतर काही वर्षांनी, आणि व्हर्माँटमधील ग्रीन माउंटन या कॉफी कंपनीने २००६ मध्ये संपूर्ण कंपनी विकत घेतली.

२०१२ मध्ये के-कपच्या मुख्य पेटंटांची मुदत संपली आणि स्वस्त कपांचा सुळसुळाट झाला. त्यावर उपाय म्हणून नव्या यंत्रात खूण वाचणारे एक उपकरण बसवले गेले, जे झाकणाच्या कडेवर छापलेली विशिष्ट शाई ओळखत असे. ती शाई नसली की यंत्र पाणीच सोडत नसे. गिऱ्हाइकांनी खऱ्या कपाच्या झाकणाचा तुकडा कापून त्या उपकरणासमोर चिकटपट्टीने कायमचा डकवून टाकला आणि कुलूप निकामी केले. विक्री घसरल्यावर २०१५ मध्ये कंपनीच्या प्रमुखांनी चूक कबूल केली आणि आपली पूड भरण्याजोगा कप परत आणण्याचे आश्वासन दिले. विकत घेतलेल्या यंत्रात आपण काय घालावे, हे यंत्राच्या कर्त्याने ठरवावे, ही गोष्ट गिऱ्हाइकांच्या पचनी पडली नाही, एवढाच या प्रकरणाचा अर्थ.

आईवडिलांना मात्र अमेरिकेतले यंत्र पाठवू नये. तिथला वीजदाब १२० व्होल्ट, इथला २३० व्होल्ट. पाणी तापवणारे यंत्र सुमारे दीड हजार वॉट ओढते आणि तेवढ्या क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर यंत्राहून जड आणि कटकटीचा होतो. शिवाय के-कप इथे सहजी मिळतही नाहीत.

प्रश्न : कुपीची कॉफी खरोखर महाग पडते का? (कोल्हापूर)

उत्तर : पडते. नेस्प्रेसोच्या लहान कुपीत साधारण साडेपाच ग्रॅम पूड असते, म्हणजे एका किलोच्या सुमारे १८० कुप्या होतात. कुपीच्या किमतीला १८० ने गुणावे आणि आपण नेहमी घेता त्या कॉफीच्या पाकिटावरील किलोच्या भावाशी ताडून पाहावे. कुपी साठ रुपयांची असेल, तर हा आकडा १०,८०० रुपये येतो. बाहेरच्या कॅफेतल्या कपाशी तुलना केली, तर हीच कुपी स्वस्त वाटू लागते. विक्रेते दुसरी तुलना पुढे करतात. आपण रोज बाहेर कॉफी पीत नसाल, तर ती आपल्याला लागू नाही.

प्रश्न : एका घोटासाठी एक कुपी कचऱ्यात टाकायची, हे मनाला पटत नाही. पण माझा भाचा म्हणतो, की कुपीच पर्यावरणाला बरी. कोणाचे खरे? (नाशिक)

उत्तर : दोघांचेही काही अंशी खरे आहे, आणि या प्रश्नात घाईने बाजू घेणारे लोक बहुतेक वेळा एकच गोष्ट मोजतात.

आधी आपली बाजू. हॅम्बुर्ग शहराने २०१६ मध्ये सरकारी पैशाने कुपीची यंत्रे आणि कुप्या विकत घेण्यास मनाई केली. के-कपचे जनक सिल्व्हन यांनी आपला वाटा १९९७ मध्येच ५०,००० डॉलरना विकला होता. २०१५ मध्ये एका अमेरिकी मासिकाशी बोलताना त्यांनी कधीकधी या शोधाचा पश्चात्ताप होतो असे सांगितले. के-कप पूर्वी अशा मिश्र प्लॅस्टिकचे असत, की त्यांचा पुनर्वापर जवळजवळ अशक्य होता. २०२० अखेरपर्यंत कंपनी पुनर्वापराला सोप्या अशा पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिककडे वळली, परंतु पुनर्वापराविषयी केलेल्या दाव्यांवरून कॅनडाच्या स्पर्धा नियामकाशी २०२२ मध्ये झालेल्या तडजोडीत तिला ३० लाख कॅनेडियन डॉलरचा दंड भरावा लागला. प्लॅस्टिक पुनर्वापरयोग्य असणे निराळे आणि आपल्या गावची यंत्रणा ते स्वीकारत असणे निराळे. लहान वस्तू वर्गीकरणाच्या चाळण्यांतून खाली पडून जातात, हेही लक्षात घ्यावे.

आता भाच्याची बाजू. कॉफीच्या कपामागील पर्यावरणीय भाराचा मोठा हिस्सा मळ्यात तयार होतो : खत, सिंचन, जमीन, बीवरील प्रक्रिया. म्हणून जो कप कमी पूड वापरतो आणि कमी पाणी तापवतो, तो या बाबतीत पुढे राहतो. कॅनडातील क्यूबेक विद्यापीठाच्या शिकुटिमी येथील संशोधकांनी २०२३ च्या आरंभी २८० मिलिलिटर कॉफीचा हिशेब मांडला, तेव्हा यंत्रात गाळलेल्या कॉफीचा कार्बन भार कुपीपेक्षा अधिक निघाला, कारण तिला पूड जास्त लागली. भांडे भरून कॉफी करून अर्धी मोरीत ओतणाऱ्या घरात तर हा फरक आणखी वाढतो. कारखान्यात मोजलेले माप इथे कामी येते. मात्र त्याच संशोधकांनी असेही बजावले, की सोय झाली म्हणून माणूस एकाऐवजी दोन कप पिऊ लागला, तर वाचवलेले सारे हातचे जाते. आणि त्यांच्या हिशेबात पूड जेमतेम लागेल तेवढी घालून केलेली झटपट कॉफी सगळ्यांत हलकी ठरली, हे भाच्याला अवश्य सांगावे.

आपल्याकडचा प्रश्न मला यापेक्षा व्यावहारिक वाटतो. ॲल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरले, तर खनिजापासून नवे करण्याच्या मानाने सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते. नेस्प्रेसोने स्वित्झर्लंडमध्ये १९९१ पासूनच वापरलेल्या कुप्या गोळा करण्याची सोय केली. परंतु रिकाम्या कुपीत जेमतेम एक ग्रॅम धातू असतो. भंगारवाल्याला किलोभर ॲल्युमिनियम द्यायचे, तर हजार कुप्या कापून, चोथा काढून, धुऊन साठवाव्या लागतील. ओला चोथा आणि कोरडा धातू एकत्र असलेली ही वस्तू ओल्या कचऱ्याच्या डब्यातही बसत नाही आणि सुक्याच्याही. जी कंपनी कुप्या परत घेते तिच्याच घ्याव्यात आणि चोथा झाडांच्या कुंड्यांत मातीत मिसळून घालावा, एवढे मी सुचवीन.

कुपीच नको, या दिशेनेही प्रयोग झाले आहेत. मिग्रोस या स्विस सहकारी संस्थेच्या कंपनीने २०२२ मध्ये कॉफीची दाबून केलेली गोळी आणली. तिच्यावर समुद्रशेवाळापासून बनवलेले पातळ आवरण असते आणि वापरल्यावर ती सगळीच कुजते. अर्थात तिला तिचे स्वतःचे यंत्र लागते. पहिल्या प्रश्नातल्या ठाण्याच्या वाचकांना यात नवल वाटू नये.

प्रश्न : आमच्याकडे कॉफी दुधातली, जायफळ घातलेली असते. यंत्राच्या टाकीत पाण्याऐवजी दूध घातले तर? आणि भरता येणाऱ्या स्टीलच्या कुपीत चिकोरीची पूड चालेल का? (सांगली)

उत्तर : टाकीत दूध मुळीच घालू नये. ते आतल्या तापकाला करपून चिकटेल, नळ्यांत नासेल आणि यंत्र दुरुस्तीपलीकडे जाईल. दूध, साखर आणि किसलेले जायफळ नेहमीसारखे पातेल्यात उकळावे आणि कुपीतून निघालेली चाळीसएक मिलिलिटर कॉफी कपात आधी घेऊन त्यावर ते ओतावे. चव आपल्या जुन्या कॉफीपेक्षा कडवट लागेल, कारण तिथे पूड दुधातच उकळलेली असते. गडद भाजणीची कुपी न घेता मध्यम भाजणीची घ्यावी.

स्टीलची कुपी चालते, पण चिकोरीचा अंश पाण्यात चटकन विरघळून चिकट अर्क देतो आणि दाबाखाली बारीक जाळी तुंबू शकते. चिकोरी नसलेली पूड वापरावी आणि ती ठासून भरू नये.

प्रश्न : माझे वय ७४. मी एकटी राहते. दुपारी चारला एक कप कॉफी लागते, पण हात कापतात आणि उकळते पातेले उतरवायची भीती वाटते. मुलगा दुबईहून कुपीचे यंत्र पाठवतो म्हणतो. इतका खर्च माझ्या एका कपासाठी करणे योग्य आहे का? (नागपूर)

उत्तर : आतापर्यंतच्या उत्तरांवरून मी या यंत्राच्या विरोधात आहे असे वाटले असेल, तर आपल्या बाबतीत माझे मत उलट आहे. एकच कप, एकच माणूस आणि उकळत्या पातेल्याला हात न लावण्याची गरज, यांसाठीच ही वस्तू बनली आहे. रोज एक कुपी म्हणजे महिन्याला तीस. वर दिलेल्या उदाहरणातल्या भावाने १,८०० रुपये होतात. मुलाला हा खर्च परवडत असेल, तर संकोच करू नये. कपाच्या कडांवर अडकवायच्या कागदी पिशवीतली कॉफी याहून स्वस्त असते, पण तीत वरून उकळते पाणी हाताने ओतावे लागते, म्हणून ती आपल्याला सुचवत नाही.

मुलाला तीन गोष्टी पाहायला सांगाव्यात. दुबईतला वीजदाब इथल्यासारखाच असल्याने ती अडचण नाही, पण काही यंत्रांत कुपी बसवल्यावर दांडा जोर लावून खाली ओढावा लागतो, तो शक्यतो टाळावा आणि कमी ताकद लागणारे यंत्र निवडावे. वापरानंतर आपोआप बंद होण्याची सोय असावी. आणि मूळ पद्धतीच्या कुप्या घेणारेच यंत्र पाठवावे, म्हणजे कुप्यांसाठी त्याच्या पुढच्या फेरीची वाट पाहावी लागणार नाही. पाण्याची टाकी पूर्ण भरली की जड होते. यंत्र नळाजवळ न ठेवता आपल्या कंबरेच्या उंचीवर ठेवावे आणि टाकी तिथेच, लहान तांब्याने, दोन कपांपुरती भरावी. नागपुरात पाणी बोअरचे असेल, तर आत क्षार साचतात. त्यासाठी दर दोन-तीन महिन्यांनी यंत्राबरोबर सुचवलेले द्रावण फिरवावे लागते, ते काम मात्र घरी येणाऱ्या कोणाकडून तरी करून घ्यावे.